टॉर्चबाईंची खुंटी

टॉर्चबाईंबद्दल चार शब्द बोला, असं दफनाच्या दिवशी घड्याळजींना सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय. कारण खरं तर फार साधं होतं. ज्या बाईंनी बावीस वर्षं दर रविवारी त्यांना बाकावर बसवलं, त्यांच्याबद्दल घड्याळजींना चार शब्दही धड माहीत नव्हते. त्या मूळच्या कुठल्या, लग्न झालं होतं की नाही, डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग कशाचा, यातलं काही म्हणजे काही त्यांना सांगता आलं नसतं. दफनाची नोंद करायला पाळकांनी सभासदांची वही काढली तेव्हा तर आणखीच वेगळं निघालं. बाईंचं नाव त्या वहीत कधी चढलंच नव्हतं. तीस वर्षं चर्चच्या दारात उभं राहून आल्यागेल्याला आत घेणारी बाई कागदोपत्री स्वतः पाहुणीच राहिली होती.

घड्याळजींना बाईंचा एक आठवडा तेवढा पक्का ठाऊक होता. उपवासकाळाचा शेवटचा आठवडा, झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतचा. तो त्यांना तासातासानं आठवतो, कारण त्या आठवड्यात त्यांना घटकाभरही स्वस्थता नव्हती.

बाईंचं ‘टॉर्चबाई’ हे नाव थिएटरातून आलं होतं. एका सिनेमा थिएटरात त्या लोकांना अंधारात खुर्च्यांवर बसवण्याचं काम करायच्या. सिनेमा सुरू झाल्यावर धडपडत आत आलेल्याला घेऊन पायऱ्या उलट्या उतरायच्या, तोंड त्याच्याकडे, पाठ पडद्याकडे. टॉर्चचा झोत नेहमी त्याच्या पावलापुढच्या जमिनीवर. तोंडावर उजेड कधी पडायचा नाही. थिएटर पुढे बंद पडलं आणि तिथं सोफ्यांचं गोदाम झालं, पण त्याच्या आधीपासूनच, रविवारी सकाळचा खेळ नसे म्हणून, बाई चर्चच्या दारात उभ्या राहू लागल्या होत्या. त्यांना कुणी तिथं नेमलं होतं असं नाही. एका रविवारी कुणालातरी जागा सापडत नव्हती, ती त्यांनी दाखवली, आणि मग दाखवतच राहिल्या.

त्यांची एक पद्धत होती. नवीन माणसाला पुढं बसवायचं नाही, कारण केव्हा उठायचं, केव्हा बसायचं हे त्याला ठाऊक नसतं आणि पुढं बसलं तर बघायला कुणी समोर नसतं. अगदी शेवटी बसवायचं नाही, कारण दार जवळ दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. त्याला बसवायचं शेवटच्या बाकाच्या अलीकडे, आणि त्याच्या पुढच्या बाकावर असा एक जुना माणूस ठेवायचा की जो नेमक्या वेळी उठतो आणि नेमक्या वेळी बसतो. नवीन माणसानं फक्त त्या पाठीकडे बघून तसं करायचं. त्या पाठीला बाईंनी नाव दिलं होतं, खुंटी. त्या आठवड्यापर्यंत अठरा वर्षं ती पाठ घड्याळजींची होती.

“मीच का?” असं घड्याळजींनी एकदा विचारलं होतं.

“तुम्ही डोळे मिटून डुलत नाही,” बाई म्हणाल्या. “मोठ्यानं आमेन म्हणत नाही. मधेच नाक शिंकरत नाही. भक्ती आहे पण गडबड नाही. नवीन माणूस तुमच्यावर टांगला की मी मोकळी.”

घड्याळजींना याहून मोठी शाबासकी आयुष्यात मिळाली नव्हती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेकीच्या घरी त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. वेळ बघायला जो तो फोन काढायचा, त्यामुळे त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आता एखादं भिंतीवरचं घड्याळ नाहीतर कुणाच्या आजोबांचं मनगटी घड्याळ यायचं, तेही दुरुस्तीपेक्षा आठवणीसाठी. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं अशी त्यांच्याकडे एकच जागा उरली होती, मागून पाचवा बाक, मधल्या वाटेच्या कडेला.

आणि दोन वर्षांपासून त्यांना ऐकू येत नव्हतं.

आधी उजवा कान गेला, मग डावाही त्याच वाटेनं निघाला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुकानात आयुष्यभर ते घड्याळाचा आजार कानानं ओळखत आले होते. आता ते दार लोटून घ्यायचे आणि घड्याळ समोरच्या दातांना टेकवायचे, मग टिकटिक हाडांतून थेट डोक्यात यायची. एकदा शेजारच्या स्टेशनरीवाल्यानं त्यांना टेबलावरचं घड्याळ चावताना पाहिलं. “घड्याळजी, भूक लागली असेल तर बिस्किटं आणू का?” त्यानं विचारलं. घड्याळजींना ऐकू आलं नाही, ते छान हसले.

लेकीला मात्र संशय आला होता. “बाबा, कानाला मशीन लावून घ्या.”

“जन्मभर मशीनं दुरुस्त केली. आता माझ्यातच बसवून घेऊ?”

“बसवाच. बंद पडलं तर दुरुस्ती घरच्या घरी.”

चर्चमध्ये एवढे दिवस निभावलं ते दोन गोष्टींवर. आधीचे पाळक उभं राहायला सांगताना हात वर करायचे, आणि उपासनेचा क्रम घड्याळजींना पाठ होता. पण वर्षाअखेरीस ते पाळक निवृत्त झाले आणि तरुण पाळक आले. माणूस सज्जन, बोलणं मवाळ, हात दोन्ही कायम जोडलेले. क्रम दर रविवारी निराळा. “आपण उभे राहू या,” असं ते इतकं हळू म्हणायचे की घड्याळजींना वाटायचं, ते स्वतःलाच सांगताहेत. शेवटी त्यांनी नवी खूण शोधली. ऑर्गन वाजवणारे गाणंमास्तर गीताच्या आधी बाही सावरायला उजवं कोपर उचलायचे. कोपर उचललं की उठायचं. अडीच महिने त्या कोपरावर घड्याळजींची अब्रू टिकून होती. पण त्यामुळे उपासनेत त्यांचं लक्ष कशातच लागत नसे. प्रार्थनेतही एक डोळा उघडा ठेवून ते त्या कोपराकडे बघत बसायचे, आणि घरी येईपर्यंत मान आखडलेली असायची.

झावळ्यांच्या रविवारी चर्च भरलं होतं, प्रत्येकाच्या हातात एकेक झावळी. या आठवड्यात एरवी न येणारीही माणसं येतात, कुणी ओढीनं, कुणी नुसतं बघायला. पाळकांना नव्यांचं मनापासून कौतुक होतं. त्यांनी जाहीर केलं की जे आज पहिल्यांदा आले आहेत त्यांनी उभं राहून नाव सांगावं, आपण टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत करू. बाईंनी बसवलेल्या ओळीत भाजीची पिशवी घेतलेली एक बाई होती. ती दगडासारखी बसून राहिली. शेजारणीनं प्रेमानं कोपर मारलं, तेव्हा ती उठली, काहीतरी पुटपुटली. टाळ्या झाल्या. पुढचं गीत संपेपर्यंत ती गेली होती. बाकावर तिची झावळी तेवढी राहिली.

उपासनेनंतर टॉर्चबाईंनी ती झावळी उचलली आणि घड्याळजींचा दंड धरून त्यांना गीतांची पुस्तकं ठेवायच्या खोलीत नेलं. पाळक तिथं झगा काढत होते. खोली एवढीशी होती की तिघांची नाकं जवळजवळ एकमेकांना लागत होती, म्हणून घड्याळजींनाही बहुतेक सगळं कळलं. बाईंचं तर त्यांना नेहमीच कळायचं. थिएटरातल्या सवयीनं त्या हळू बोलायच्या, पण तोंड जवळ आणून, ओठ स्वच्छ हलवून. खुंटीचा कान गेलाय हे खुंटी लावणारीला दोन वर्षं कळलं नाही ते त्यामुळेच.

“साहेब, ती बाई आता परत येणार नाही.”

“आपण तर प्रेमानंच केलं,” पाळक म्हणाले.

“प्रेमानंच. पण दोनशे माणसांनी एकदम प्रेम केलं की माणूस पळतो.”

“मग नवीन कोण आलंय ते आपल्याला कळायचं कसं?”

“कशाला कळायला हवं? सिनेमाला आलेल्याला कुणी विचारतं का, पहिल्यांदाच आलात का म्हणून?”

पाळक हसले. “हे चर्च आहे, बाई.”

“म्हणून तर म्हणते. तिथं एकदा बघून लोक घरी गेले तरी चालायचं. इथं त्यांनी परत यावं असं तुम्हालाच वाटतं ना?”

पाळकांनी जोडलेले हात हनुवटीला टेकवले. ते ऐकणारे होते, पण नुसतं ऐकून सोडून देणाऱ्यांपैकी नव्हते. टाळ्यांची रीत त्यांनी दुसऱ्या एका चर्चमध्ये पाहिली होती आणि ती त्यांच्या मनात भरली होती.

“असं करू,” बाईच म्हणाल्या. “शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सगळ्यात जास्त नवीन येतात. तीन तास तुम्ही व्यासपीठावरून बघा. माझ्या ओळींत नवीन कोण आणि जुनं कोण हे तुम्हाला ओळखता आलं, तर ईस्टरपासून तुमच्या टाळ्या. मी एक शब्द बोलणार नाही.”

“आणि नाही ओळखता आलं तर?”

“तर टाळ्या पुढच्या पाळकांसाठी ठेवा.” बाईंनी घड्याळजींच्या पाठीवर थाप मारली. “काळजी नाही. खुंटी मजबूत आहे.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. घड्याळजींनी तोंड उघडलंही. पण पाळकांनी तेवढ्यात त्यांचा हात हातात घेतला आणि हसून काहीतरी म्हटलं, ते त्यांना कळलं नाही, आणि ते “हो हो” म्हणाले. आपण कशाला हो म्हणालो याचा विचार ते मंगळवारपर्यंत करत होते.

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं आणि तासाभरानं बंद केलं. मंगळवारी एका माणसाच्या घड्याळाचा छोटा काटा हातातून सुटून फरशीवर गेला, तो शोधायला ते गुडघ्यांवर बसले आणि आपण काय शोधतोय हेच विसरले. बुधवारी दुपारी मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला. बाई एका लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत राहायच्या. घड्याळजी तिथं पहिल्यांदाच गेले. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, खिडकीत वाळणारे मोजे. बाई टेबलावर ब्लँकेटची घडी टाकून इस्त्री करत होत्या. इस्त्री कपड्यांना नव्हती. गीतांच्या पुस्तकांत पानाच्या खुणेसाठी घालायच्या रिबिनी होत्या त्या, लाल, पांढऱ्या, निळ्या. शुक्रवारची गीतं त्यांनी आधीच काढून ठेवली होती, म्हणजे नव्या माणसाला पानं चाळत बसावं लागू नये.

“का आलात?”

“सहज.”

“सहज कुणी तीन जिने चढत नाही या वयात.”

घड्याळजींनी भिंतीवर पाहिलं. तिथं एक घड्याळ होतं. “म्हटलं, तुमचं घड्याळ मागं पडतंय का बघावं.”

“नाही पडत.”

“पडेल,” घड्याळजी म्हणाले, आणि घड्याळ काढून, मागचं झाकण उघडून, त्यांनी त्याला तेल घातलं. बाई रिबिनी इस्त्री करता करता शुक्रवारबद्दल बोलत होत्या. पाळक वरून बघणार म्हणून त्यांना हुरूप आला होता. तीन ओळी नव्यांसाठी ठेवणार होत्या. घड्याळजींनी दोनदा खाकरून घसा साफ केला. पण बाई इस्त्री उभी करून म्हणाल्या, “तुम्ही नसता तर मी ही पैज लावलीच नसती,” आणि मग काय बोलणार. त्यांनी घड्याळ पुन्हा भिंतीवर लावलं आणि तीन जिने उतरले.

शुक्रवारची उपासना बारा ते तीन. प्रभूनं क्रुसावरून काढलेले सात शब्द, म्हणजे सात उद्गार, एकेका शब्दावर वाचन, प्रवचन, गीत. पडदे ओढलेले, क्रुसावर काळं कापड, मेणबत्ती एकच. अंधुक उजेडात बाई दारापासून बाकापर्यंत लोकांना नेत होत्या, उलट्या चालत, हातात टॉर्च असल्यासारखा हात जमिनीकडे धरून. गणवेशातला एक बसचालक आला. नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आल्या. एक कुटुंब आलं, त्यातला बाप सारखा टोपी काढू की ठेवू असं करत होता. सगळ्यांत शेवटी एक माणूस आला, पन्नाशीचा, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. दारातच थांबून त्यानं काहीतरी विचारलं. बाईंनी त्याला आणून थेट घड्याळजींच्या मागं बसवलं, आणि मग पुढं वाकून घड्याळजींच्या तोंडाजवळ तोंड आणलं.

“मागच्यांना जपा. गेल्या महिन्यात बायको गेली. सकाळपासून फाटकापर्यंत तीनदा येऊन परत फिरलेत. कुणी बघणार नाही ना, एवढंच विचारलं मला.”

घड्याळजींनी मान हलवली. मग नजर गाणंमास्तरांच्या कोपरावर लावली.

पहिला शब्द पार पडला. दुसराही. कोपर वर, घड्याळजी उभे, मागच्या तीन ओळी उभ्या. कोपर खाली, बसले. तिसऱ्या शब्दाला तर ते इतके वेळेवर उठले की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. चौथ्या शब्दानंतर तीन मिनिटं स्तब्धता असते. सगळे बसून, माना खाली. हे घड्याळजींना ठाऊक होतं, पाठ होतं. पण हे नवे पाळक क्रम बदलतात, स्तब्धता आधी ठेवतील की नंतर, की गाळूनच टाकतील, या धास्तीनं त्यांची नजर कोपरावरून ढळेना. गाणंमास्तरांनी कोपर उचललं. घड्याळजी उठले.

गाणंमास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

ऐकू येत नसलं तरी पायांना कळतं. पायाखाली लाकडी फळ्या होत्या, त्या फळ्यांतून घड्याळजींना मागच्या तीन ओळींतली माणसं उठताना जाणवली. समोर सगळं चर्च बसलेलं, माना खाली, पाळकांचे डोळे मिटलेले. त्यांनी बसायचं म्हटलं तर मागचे सगळे धाडकन बसणार. उभं राहायचं तर किती वेळ? त्यांनी हळूच मागं पाहिलं. बसचालक उभा होता. नर्सिंगच्या मुली उभ्या होत्या, टोपीवाला उभा होता. जेवढे नवीन तेवढे नेमके उभे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे, आणि त्यांच्या मधोमध तो चुकलेल्या बटणांचा माणूस, तोंड पांढरंफटक पडलेला. पुढच्या बाकांवर एकदोन डोकी वळायला लागली होती.

तेव्हा बाई दारातून निघाल्या. मधल्या वाटेनं सरळ अगदी पुढं आल्या, वळल्या आणि लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पावलांच्या चाहुलीनं माना वर झाल्या होत्या. मग त्यांनी दोन्ही हात कमरेशी आणून तळवे वर केले आणि जरासे उचलले. प्रभुभोजनाच्या वेळी एकेका ओळीला उठवताना त्या करायच्या, तसंच. सव्वीस वर्षं त्या हातांचं ऐकायची लोकांना सवय होती. एक बाक उठला. त्याच्या पुढचा उठला. गुडघ्याला पट्टा बांधलेले एक वडीलधारे गृहस्थही बाकाचा आधार घेऊन उठले. का उठायचं हे कुणी विचारलं नाही. अगदी पुढच्या बाकापर्यंत सगळं चर्च उभं झालं, आवाज न करता, आणि बाई पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या.

पाळकांनी डोळे उघडले. समोर सगळी मंडळी उभी. त्यांनी क्षणभर पाहिलं, पुन्हा डोळे मिटले, आणि त्या दिवशी स्तब्धता तीनच्या ऐवजी पाच मिनिटं चालली.

तीन वाजता लोक पांगले. घड्याळजी बाकावरून उठलेच नाहीत. बाई आल्या, त्यांच्या पुढच्या बाकावर उलट्या तोंडानं बसल्या.

“कान?”

“हो.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

बाई म्हणाल्या, “बुधवारी हेच सांगायला आला होतात.”

“हो.”

“आणि घड्याळाला तेल घालून गेलात.”

घड्याळजींनी मान खाली घातली. बाईंनी बाकावर बोट आपटून त्यांना वर बघायला लावलं. बोललेलं त्यांना दिसायला हवं, हे आता त्यांना कळलं होतं.

“ऐकू येत नाही त्याचं काही नाही. माझेही गुडघे गेलेत, मी काही लपवत नाही. पण तो माणूस कुणी बघू नये म्हणून तीनदा परत फिरला होता. मला ठाऊक असतं तर मी त्याला तुमच्या मागं बसवलं असतं का? दोन वर्षं मी माणसं टांगतेय आणि भिंतीत खुंटीच नाही.”

“मी सांगणार होतो.”

“रविवारपासून पुढं बसा. दुसऱ्या बाकावर. मागं तुमच्या जागी मी पोस्टमनना बसवीन.”

“पोस्टमन मोठ्यानं गातात,” घड्याळजी म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं.

“गाऊ देत,” बाई म्हणाल्या आणि पुस्तकं गोळा करायला उठल्या.

शनिवारी घड्याळजींनी लेकीला सांगितलं की उद्या मी येणार नाही. ईस्टरला न जाण्याची ती त्यांची पहिलीच वेळ ठरली असती. दिवसभर ते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले, एकदा कपाट उघडून आत काय बघायचं होतं ते न आठवल्यानं तसेच उभे राहिले. संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, उद्या घरी राहिलात तर असेच माझ्या पायांत पायांत येणार. त्यापेक्षा चर्चमध्ये जाऊन बसा. तिथं बाक तरी आहेत.”

ते गेले. दारात बाईंनी पुस्तक दिलं आणि दुसऱ्या बाकाकडे बोट केलं. चर्च फुलांनी भरलं होतं, पडदे उघडे, उजेड सगळीकडे. घड्याळजी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. इथून गाणंमास्तरांचं कोपर अगदी जवळ दिसत होतं, पण आता त्याचा उपयोग नव्हता. मागं कुणी बसलं नव्हतं. अठरा वर्षं त्यांच्या पाठीला जी जाणीव होती, आपल्याकडे कुणीतरी बघतंय, ती नसल्यानं पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती. ते दोनदा मागं वळले. तिकडे पोस्टमनच्या मागं नवीन माणसं दाटीनं बसली होती.

मग वाटेनं तो चुकलेल्या बटणांचा माणूस येताना दिसला. बटणं आजही चुकलेली. त्यानं पोस्टमनकडे पाहिलं, थांबला, आणि पुढं येऊन घड्याळजींच्या मागच्या बाकावर बसला. बाई त्याच्या पाठोपाठ आल्या आणि वाकल्या. घड्याळजी अर्धवट वळून त्यांचे ओठ बघत होते.

“तुमची जागा तिकडे ठेवलीय.”

“मी यांच्या मागंच बसतो.”

“शुक्रवारी तुम्हाला त्रास झाला.”

“पाय अवघडले होते,” तो माणूस म्हणाला. “उठायला मिळालं ते बरंच झालं. आणि मग सगळेच उठले.”

“अहो, पण यांना ऐकू येत नाही.”

“मला येतं ना.”

बाईंनी पुस्तक उघडून पहिल्या रिबिनीशी त्याच्या हातात दिलं आणि त्या दाराकडे गेल्या.

उपासना सुरू झाली. थोड्या वेळानं घड्याळजींच्या खांद्याला दोन बोटं लागली. ते उठले. मागं तो माणूस उठला. बसायची वेळ आली, पुन्हा दोन बोटं. तो गात नव्हता, प्रार्थना म्हणत नव्हता, त्याला त्यातलं बहुधा काही येतही नव्हतं. पाळक काय म्हणतात तेवढं ऐकून तो पुढच्या खांद्याला कळवत होता आणि पुढच्या पाठीकडे बघून स्वतः तसं करत होता. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा घड्याळजींनी दोन्ही डोळे मिटून प्रार्थना केली.

दुसऱ्या रविवारी बाईंनी दोघांना उचलून पुन्हा मागं नेलं, घड्याळजी आपल्या जागी, तो त्यांच्या मागं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नवीन माणसं. पोस्टमनना त्यांनी पुढं पाठवलं. तिथून ते आणखी मोठ्यानं गाऊ लागले. बटणं चुकवणारा तो माणूस धंद्यानं शिंपी निघाला. “दुसऱ्यांची लावतो ती नीट असतात,” असं तो म्हणायचा. टाळ्यांचं पाळकांनी पुन्हा नाव काढलं नाही. नवीन कोण, जुनं कोण, ही पैज त्यांना आठवतही नसावी. शुक्रवारी मंडळी आपण होऊन उभी राहिली, या गोष्टीनं ते एवढे हलले होते की भेटेल त्याला सांगत सुटले, आणि पुढच्या वर्षापासून चौथ्या शब्दानंतर उभं राहूनच स्तब्धता पाळायची असा नियम त्यांनी केला. तो आजही चालू आहे. नियम जाहीर झाला तेव्हा घड्याळजींनी बाईंकडे पाहिलं, आणि बाई ओठ न उघडता, नुसत्या डोळ्यांनी म्हणाल्या, गप्प बसा. घड्याळजींना ते कळलं.

त्यानंतर बाई चार वर्षं दारात होत्या, शेवटचं वर्षभर एका स्टुलावर. घड्याळजींनी त्यांना कधी विचारलं नाही की तुम्ही स्वतः पहिल्यांदा आलात तेव्हा कुठं बसला होतात, तुमच्या पुढं कुणाची पाठ होती. विचारायचं सुचलं नाही असं नाही. पण बाईंच्या पद्धतीत विचारणं बसत नव्हतं, आणि घड्याळजी त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. आता वाटतं, विचारलं असतं तर चाललं असतं. की नसतं चाललं, कोण जाणे.

बाईंच्या शेवटच्या रविवारी बाहेर ऊन होतं. बाई स्टुलावरून उठून, बाकांच्या कडा धरत धरत, एका बाईला घेऊन आल्या. तिच्या कडेवर झोपलेलं मूल होतं.

“घड्याळजी, जरा आत सरका.”

शिंप्यानं खांद्याला बोटं लावली. घड्याळजींनी वळून पाहिलं. “काय म्हणालात?”

“सरका म्हटलं. या ताईंना कडेला बसू दे, मूल उठलं तर बाहेर जाता येईल.”

“सरकतो की,” घड्याळजी म्हणाले. “आधीच सांगायचं.”

“आधीच सांगितलं,” बाई म्हणाल्या आणि दाराकडे गेल्या.